बाळाचे कान जपा

गेल्या पौषातील एका रात्रीची गोष्ट. इंदूरची थंडी ऐन भरात होती. रात्री दोनच्या सुमारास आमचा चौदा महिन्यांचा नातू एकाएकी किंचाळून उठला. तीन दिवस त्याला सर्दी होतीच. आता अंगही तापले होते. कडेवर घेतले की थोडा निवत असे, गादीवर ठेवताच पुन्हा टाहो. एक हात सारखा उजव्या कानाकडे जात होता. ‘कान ठणकतो आहे,’ हे ओळखायला मला वेळ लागला नाही. मी स्वयंपाकघरात गेले, तेलाची बुधली काढली, लसणीची पाकळी सोलली आणि पळी गॅसवर धरली. तेवढ्यात सूनबाई दारात येऊन उभी राहिली. “आई, कानात काही घालू नका,” ती हलक्या पण ठाम आवाजात म्हणाली.

माझा हात तसाच थांबला. क्षणभर रागही आला. पण दुसऱ्याच क्षणी जे आठवले त्याने मी गॅस बंद केला. कारण कानात तेल घातल्याने काय होऊ शकते, हे त्या घरात माझ्याइतके कोणालाच ठाऊक नव्हते. तरीही घरात मूल कळवळू लागले तेव्हा माझे हात आजीचेच झाले होते.

माझा धाकटा भाऊ दोन-अडीच वर्षांचा असल्यापासून त्याचा कान वाहत असे. हा 1960 च्या आसपासचा काळ. प्रत्येक सर्दीमागून कान फुटायचा, उशीवर पिवळा डाग पडायचा. आजी लसूण घालून कडवलेले तेल कानात सोडी आणि वर कापसाचा बोळा बसवी. “मोठा झाला की आपोआप थांबेल,” असे सगळेच म्हणत. शाळेत तो मागच्या बाकावर बसे. मास्तरांनी हाक मारली तर उत्तर देत नसे. त्याला ‘बेफिकीर’ ठरविण्यात आले आणि एकदा त्याच्या त्याच दुखऱ्या कानाखाली सणसणीत चपराक बसली. दहाव्या वर्षी कोणीतरी कान नीट तपासला, तेव्हा पडद्याला मोठे भोक असल्याचे आणि दुसऱ्या कानालाही बेताचेच ऐकू येत असल्याचे कळले. पुढे सव्विसाव्या वर्षी शस्त्रक्रिया होऊन एक कान बराचसा सुधारला. पण शिकण्याची, ऐकण्याची, गोष्टींत रमण्याची जी वर्षे गेली, ती काही परत आली नाहीत.

त्या रात्री आम्ही बाळाला डॉक्टरांनी पूर्वीच वजनाप्रमाणे ठरवून दिलेले पॅरासिटामॉलचे औषध दिले, त्याला खांद्याशी उभे धरून बसलो, आणि घडी घातलेल्या फडक्याचा कोरडा, सोसवेल असा शेक कानाच्या बाहेरून दिला. पहाटे त्याचा डोळा लागला. सकाळी बालरोगतज्ज्ञांनी कानात डोकावून पाहिले: पडदा लाल होऊन फुगला होता. औषध सुरू झाले आणि चार दिवसांत बाळ खेळू लागले. त्यानंतर मी या डॉक्टरांना आणि आमच्या परिचयाच्या कान-नाक-घसा तज्ज्ञांना पुष्कळ प्रश्न विचारले, काही वाचले. त्यातून हाती लागलेले आपल्या घराघरांतील माता, आज्या आणि सुनांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

दुखणे कानाचे, मूळ नाकात

आपल्या मनात कान म्हणजे बाहेरून दिसणारे भोक. म्हणून कान दुखला की आपण कारणही बाहेरच शोधतो: कानात वारा शिरला, न्हाताना पाणी गेले, टोपी घातली नव्हती. वस्तुतः लहान मुलांचा ठणका बहुधा बाहेरून येत नाही, आतून येतो.

कानाचे तीन भाग आहेत. पहिला बाह्यकर्ण, म्हणजे पाळीपासून पडद्यापर्यंतची नळी. पडद्यामागे मध्यकर्ण, ही हवेने भरलेली इवलीशी पोकळी. तीत तीन नाजूक हाडांची साखळी असते आणि ती आवाजाची थरथर पुढे पोहोचवते. त्यामागे अंतःकर्ण, जिथून मज्जातंतू आवाजाचा संदेश मेंदूकडे नेतात. मध्यकर्णाची ही पोकळी एका बारीक नळीने नाकाच्या मागच्या भागाशी, घशाच्या वरच्या बाजूला जोडलेली असते. सोळाव्या शतकातील इटालियन शरीरशास्त्रज्ञ युस्टाकी यांच्या नावावरून तिला युस्टेशियन नळी म्हणतात. आपण गिळतो किंवा जांभई देतो तेव्हा ती क्षणभर उघडते, मध्यकर्णात ताजी हवा जाते आणि आत साचलेला ओलावा घशाकडे उतरतो.

मोठ्या माणसांत ही नळी सुमारे साडेतीन सेंटिमीटर लांब असते आणि तिला जवळजवळ 45 अंशांचा उतार असतो. तान्ह्या मुलात तिची लांबी याच्या निम्म्याच्या आसपास असते आणि उतार असतो जेमतेम 10 अंशांचा. घर बांधताना मोरीला उतार द्यायला गवंडी विसरला तर काय होते हे गृहिणींना सांगायला नको: पाणी तुंबते आणि उलटही येते. बाळाच्या कानाची गत तशीच असते. सर्दी झाली की नळीचे अस्तर सुजते, तोंड बंद होते, मध्यकर्णात पाणी साचते. नाक-घशातले जंतू त्या आखूड वाटेने वर पोहोचतात आणि पाण्याचा पू होतो. पू पडद्याला आतून रेटू लागला की ठणका सुरू होतो. मूल आडवे केले की दाब वाढतो, म्हणून ते गादीवर ठेवताच रडते आणि कडेवर घेतले की निवते. पडदा फाटून पू वाहू लागला की दाब उतरतो, दुखणे थांबते, आणि आपण समजतो की बाळ बरे झाले!

सहा महिने ते दोन वर्षे हा काळ सर्वांत जोखमीचा. मूल सहा-सात वर्षांचे होईपर्यंत नळी लांबते, उतार वाढतो आणि हा त्रास पुष्कळ कमी होतो. ‘मोठा झाला की थांबेल’ हे आजीचे म्हणणे म्हणून अगदीच खोटे नव्हते. पण तेवढ्या वर्षांत पडद्याचे आणि ऐकण्याचे काय होते, हा प्रश्न उरतोच.

ऐकू कमी आले तर काय बिघडते?

कानाचा ताप उतरला, औषध संपले, तरी पडद्यामागे पाणी काही आठवडे राहू शकते. दहापैकी नऊ मुलांत ते तीन महिन्यांच्या आत आपोआप ओसरते. उरलेल्यांत मात्र ते तसेच राहते, चिकट होते. ते दुखत नाही, ताप आणत नाही, म्हणून ध्यानातही येत नाही. अशा मुलाला आपले बोलणे कानात बोटे घालून ऐकल्यासारखे पोहोचते. ताट पडल्याचा आवाज त्याला येतो, म्हणून घरचे निश्चिंत असतात. पण हळू बोललेले, लांबून बोललेले, वाक्याच्या शेवटी विरत जाणारे शब्द निसटतात.

येथे आपल्यासारख्या, महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या वसलेल्या घरांनी विशेष विचार करावा. इंदूरचे मूल रस्त्यावर हिंदी ऐकते, बडोद्याचे गुजराती, हैदराबादचे तेलुगू आणि उर्दू, बेळगावचे कन्नडही. शाळेत बहुधा इंग्रजी. मराठी त्याला मिळते ती घरातल्या चार माणसांच्या तोंडून, आणि तीही पहिल्या चार-पाच वर्षांत. आपल्या भाषेचा अर्थ शब्दांच्या टोकाला असलेल्या ‘ने’, ‘ला’, ‘चा’, ‘त’ या लहानशा प्रत्ययांवर तोललेला असतो आणि बोलताना नेमके तेच हलके पडतात. ज्याला ते नीट ऐकू येत नाहीत, ते मूल तुटक बोलू लागते, ‘ळ’ आणि ‘ल’ यांतला फरक त्याच्या लक्षात येत नाही. मग घरचे कंटाळून त्याच्याशी सोप्या हिंदीत बोलू लागतात. माझा भाऊ आजही मराठी बोलतो, पण आजीच्या रात्रीच्या गोष्टींतली एकही त्याला आठवत नाही. ‘आठवत नाही’ म्हणणेही चुकीचे. त्या त्याच्यापर्यंत पोहोचल्याच नव्हत्या. आजी अंधारात, हळू आवाजात सांगत असे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे मुलांमधील बहिरेपणापैकी सुमारे 60 टक्के टाळता येण्याजोगा असतो. कान वाहणे हे त्या टाळता येण्याजोग्या कारणांपैकी एक ठळक कारण आहे.

घरात काय करावे

*अंगावरचे दूध.* पहिले सहा महिने बाळाला केवळ आईचे दूध द्यावे आणि पुढे वरच्या अन्नाबरोबर दोन वर्षांपर्यंत किंवा अधिक चालू ठेवावे. या दुधातून जंतूंशी लढणारी द्रव्ये बाळाला मिळतात. कानदुखी टाळण्याचा याहून स्वस्त आणि खात्रीचा उपाय घरात दुसरा नाही.

*दूध पाजण्याची रीत.* बाटलीने पाजण्याची वेळ आलीच, तर बाळाला मांडीवर घेऊन त्याचे डोके पोटापेक्षा चांगले उंच धरावे. उशीला टेकवून बाटली तोंडात ठेवून देणे आणि बाळ चोखत चोखत झोपी जाणे, ही सवय कानाला घातक. जुन्या घरांत बोंडल्याने दूध पाजण्याची पद्धत होती; लांब केलेल्या पायांवर बाळाला उताणे निजवून, हात दाबून धरून, रडता रडता दूध ओतले जाई. त्यात दूध नाकात चढण्याचा, ठसका लागण्याचा धोका असे. बोंडले जपून ठेवावे, ते आपल्या घराण्याची आठवण आहे. पण दूध पाजावे ते वाटी-चमच्याने, बाळाला नीट बसते धरून आणि त्याच्या गतीने.

*चोखणी.* सहा महिन्यांनंतर दिवसभर तोंडात रबरी चोखणी असलेल्या मुलांत कानाचे दुखणे अधिक आढळते. फार तर झोप लागेपर्यंत द्यावी आणि वर्षाच्या आत सोडवावी.

*धूर.* विडी-सिगारेटच्या धुराने नाकाचे आणि त्या नळीचे अस्तर सुजते. ज्या घरात कोणी धूम्रपान करते, त्या घरातील मुलांचे कान अधिक वेळा दुखतात. ‘मी गॅलरीत जाऊन ओढतो’ ही पळवाट आहे. कपड्यांना, हातांना तो धूर चिकटून घरात येतो. चुलीचा आणि शेगडीचा धूरही बाळाच्या श्वासाला चांगला नाही. बाळंतिणीच्या खोलीत शेक-शेगडी ठेवून ओवा, धूप, बाळंतशोपा यांची धुरी देण्याची आपली जुनी चाल आहे. तिच्यामागील मायेबद्दल शंका नाही. परंतु कोंडलेल्या खोलीतली ती धुरी आता बंद करावी. दारे-खिडक्या लावून शेगडी पेटवण्यात कोळशाच्या विषारी वायूचे भय आहे, ते निराळेच.

*सर्दी दूर ठेवणे.* कानाचे बहुतेक दुखणे सर्दीच्या पाठीवर बसून येते. तेव्हा सर्दी टाळली की कान जपला. बाळाला हात लावण्यापूर्वी साबणाने हात धुवावेत, शाळेतून आलेल्या मोठ्या भावंडांनी तर अवश्य. ज्याला सर्दी-खोकला आहे त्याने बाळाचे मुके घेऊ नयेत. बारशाला पन्नास माणसांच्या हातांतून बाळ फिरवणे आपल्याला हौसेचे वाटते. दुरून ओवाळले तरी आशीर्वाद कमी पडत नाही. पाळणाघर निवडता आले, तर थोडी मुले असलेले निवडावे.

*नाक मोकळे ठेवणे.* सर्दी झालीच, तर औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या मिठाच्या पाण्याचे एक-दोन थेंब नाकपुडीत सोडून मऊ फडक्याने नाक पुसून घ्यावे. थोड्या मोठ्या मुलाला एका वेळी एकच नाकपुडी मोकळी ठेवून हळू शिंकरायला शिकवावे. दोन्ही दाबून जोराने शिंकरल्यास शेंबूड कानाकडे ढकलला जातो.

*लसी.* मध्यकर्णात पू करणाऱ्या जंतूंपैकी न्यूमोकॉकस हा एक प्रमुख. त्यावरची लस भारत सरकारने 2017 मध्ये काही राज्यांत सुरू केली आणि 2021 पासून ती सर्व देशात विनामूल्य मिळू लागली. सरकारी वेळापत्रकात ती 6 आठवडे, 14 आठवडे आणि 9 महिने अशा तीन वेळी असते. तिचे मुख्य काम न्यूमोनियापासून संरक्षण हे असले, तरी कानालाही तिचा लाभ होतो. गोवराच्या पाठोपाठ कान फुटतो हे जुन्या लोकांना चांगले ठाऊक आहे. म्हणून 9 महिन्यांची आणि पुन्हा 16 ते 24 महिन्यांमधील गोवर-रुबेलाची लस चुकवू नये. सहा महिन्यांपुढील मुलाला दरवर्षी फ्लूची लस द्यावी की कसे, हे आपल्या डॉक्टरांना विचारावे. लसी घेतल्या म्हणजे कान कधीच दुखणार नाही असे नव्हे. पण दुखण्याच्या वेळा कमी होतात.

काय करू नये

कानात तेल घालू नये. पडदा शाबूत असला तर तेल पडद्यापलीकडे जातच नाही, मग आतल्या पुवावर ते उपाय काय करणार? आणि पडद्याला भोक असले तर तेच तेल, त्यावर बसलेल्या धुळीसह आणि जंतूंसह, थेट मध्यकर्णात उतरते. पडद्याला भोक आहे की नाही, हे बाहेरून आपल्याला दिसत नाही. शिवाय पळीतले तेल ‘कोमट’ आहे असे वाटता वाटता कान भाजतो. पावसाळ्यात ओलसर, तेलकट कानात बुरशी धरते, ती वेगळीच. आयुर्वेदात कर्णपूरणाचा विधी आहे हे खरे; पण तो वैद्याने रोग पाहून करायचा विधी आहे, रात्री दोन वाजता अंदाजाने घालायचे तेल नव्हे. आईचे दूध, कांद्याचा रस, तुळशीचा रस, हायड्रोजन पेरॉक्साइड यांपैकीही काहीच कानात सोडू नये.

मागच्या वेळचे उरलेले थेंबही घालू नयेत. काही थेंबांतील औषधे फाटलेल्या पडद्यातून आत गेली तर अंतःकर्णाला इजा करू शकतात.

कान कोरू नये. मळ हा घाण नव्हे; तो कानाच्या नळीचे रक्षण करतो आणि जबड्याच्या हालचालीबरोबर स्वतःहून बाहेर येतो. केसांचा आकडा, काडेपेटीची काडी, कापूस लावलेली काडी, यांपैकी प्रत्येक वस्तू मळाला आणखी आत ढकलते आणि कधीकधी पडदाही फोडते. न्हाऊ घातल्यावर बाहेरची पाळी कोरड्या पंच्याने टिपली की पुरे. बाळाला न्हाऊ घालणाऱ्या बाईंना नाकात तेल सोडण्यास आणि नाका-कानांत फुंकर मारण्यास आदराने पण स्पष्टपणे मनाई करावी.

मुलाच्या कानाखाली मारू नये. कानावर बसलेल्या चपराकीने नळीतली हवा एकदम दाबली जाऊन पडदा फाटू शकतो. शिस्तीच्या नावाखाली घरी किंवा शाळेत हे होत असेल, तर ते त्याच दिवशी थांबवावे.

कानात हरभरा, वाटाणा किंवा मणी गेला तर चिमटा घेऊन बसू नये. पाणीही घालू नये, कारण दाणा फुगतो. सरळ डॉक्टरांकडे जावे. जिवंत किडा शिरून मूल तडफडत असेल, तर एवढ्या एकाच प्रसंगी, आणि तेही कान कधी वाहिलेला नसेल तरच, साधे थंड तेल दोन-चार थेंब घालून किड्याची वळवळ थांबवता येते. काढायचे काम मात्र डॉक्टरांचेच.

आणि एका निरुपद्रवी समजुतीविषयी. दही, केळे, कानटोपी यांचा कानाच्या पुवाशी संबंध नाही. टोपी थंडीसाठी अवश्य घालावी; पण टोपी घातली म्हणून कान सुरक्षित झाला असे समजून धूर आणि बाटली यांकडे दुर्लक्ष करू नये.

ओळखावे कसे, आणि डॉक्टरांकडे केव्हा जावे

बोलता येणारे मूल सांगते. तान्हे मूल सांगते ते रडून: सर्दीनंतर दोन-चार दिवसांनी पुन्हा ताप, रात्री आडवे केल्यावर रडणे, दूध ओढताना मध्येच सोडून किंचाळणे, किरकिर, क्वचित उलटी किंवा जुलाब. नुसते कानाला हात लावणे ही मात्र खूण नव्हे. झोप आली की पुष्कळ मुले कान ओढतात.

सहा महिन्यांच्या आतील बाळाला अशी शंका आली तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. दोन वर्षांच्या आतील मुलालाही लवकर दाखवणे बरे. मोठ्या मुलाचा सौम्य ठणका कित्येकदा दोन-तीन दिवसांत आपोआप शमतो. तोवर दुखणे कमी करणारे औषध देऊन वाट पाहा, असे डॉक्टर सांगतील, तर ‘औषधच दिले नाही’ म्हणून रुसू नये. उलट प्रतिजैविक औषध दिले, तर ते ठरलेले दिवस पुरे करावे. बाळ हसू लागले म्हणून बाटली बाजूला ठेवू नये. अ‍ॅस्पिरिन मुलांना कदापि देऊ नये.

कानामागे सूज येऊन पाळी पुढे ढकललेली दिसली, मान ताठ झाली, मूल सुस्त पडले, झटका आला, चेहरा एका बाजूला वाकडा झाला किंवा चालताना तोल जाऊ लागला, तर क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठावे. पू कानामागच्या हाडात आणि तेथून मेंदूकडे पसरण्याची ही लक्षणे असू शकतात.

सहा महिन्यांत तीनदा किंवा वर्षात चारदा कान दुखला, मूल तोंड उघडे ठेवून घोरू लागले, किंवा कान दोन आठवड्यांहून अधिक काळ वाहत राहिला, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांनाच दाखवावे. टाळू दुभंगलेल्या आणि डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांत हा त्रास अधिक असतो. त्यांचे कान वेळोवेळी तपासून घ्यावेत.

कान वाहत असेल तर

वाहत्या कानाला सर्वांत मोठी गरज असते कोरडेपणाची. कापसाचा बोळा ठासून बसवला की पू आत कोंडतो. ते करू नये. डॉक्टरांचे औषध चालू असताना घरी करायची कृती अशी: जुन्या मऊ मलमलीचे किंवा धोतराचे फडके उकळून, कडक उन्हात वाळवून ठेवावे. त्याच्या छोट्या पट्टीची बोटांनी वात वळावी. ती हळुवारपणे कानात सरकवावी, ओली झाली की काढून टाकावी आणि नवी घालावी. वात कोरडी निघेपर्यंत हे करावे. काडी वापरू नये, वात आत ठेवून देऊ नये. दिवसातून तीनदा ही कृती करावी आणि आधी व नंतर हात धुवावेत. डॉक्टरांनी थेंब दिले असतील तर ते कान असा कोरडा केल्यावरच घालावेत. न्हाताना व्हॅसलिन लावलेला कापूस कानाच्या तोंडाशी ठेवावा आणि अंग पुसताच काढून टाकावा. पोहणे कान पूर्ण बरा होईपर्यंत बंद. ज्या हातांना निरांजनाच्या वाती वळण्याची सवय आहे, त्यांना ही वात जड जाणार नाही. माझ्या आजीला कोणी हे एवढेच दाखवून दिले असते तर!

ऐकण्यावर लक्ष

कान बरा झाल्यावरही दोन-तीन महिने मुलाच्या ऐकण्याकडे लक्ष ठेवावे. पाठीमागून, त्याला आपण दिसत नसताना, हळू आवाजात नाव घ्यावे. सहा-सात महिन्यांचे बाळ आवाजाच्या दिशेने मान वळवते. वर्षाचे मूल आपल्या नावाला ओळख देते. दोन वर्षांचे मूल दोन शब्द जोडून बोलते. यात मागे पडत असेल, दूरदर्शनचा आवाज मोठा करत असेल, सारखे ‘काय?’ विचारत असेल, तर हट्टी, बेफिकीर असे शिक्के मारण्याआधी कान तपासावा. अंगणवाडीत आणि सरकारी शाळांत 2013 पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमातही मुलांच्या कानाची तपासणी अंतर्भूत आहे; तिचा लाभ घ्यावा. पडद्यामागचे पाणी हटतच नसेल, तर पडद्यात लहानशी नळी बसवण्याची सोपी शस्त्रक्रिया असते. तिला भिऊ नये.

माझी आजी अडाणी नव्हती आणि निष्काळजी तर मुळीच नव्हती. रात्र रात्र तिने भावाला मांडीवर घेऊन काढल्या. तिच्या काळी तिच्या हाताशी जे ज्ञान होते, ते तिने जीव ओतून वापरले. आपल्या हाताशी अधिक ज्ञान आहे, म्हणून आपल्यावरची जबाबदारीही अधिक आहे. त्या दिवशी सकाळी डॉक्टरांकडून परतल्यावर मी सूनबाईला म्हटले, “बरे झाले, तू अडवलेस.” ती हसून म्हणाली, “तुम्हीच तर लग्नानंतर मला भावजींच्या कानाची गोष्ट सांगितली होती.” मला सांगितल्याचे आठवतही नव्हते. तिने मात्र ती नीट ऐकून ठेवली होती.

आता महिनाभराने बाळाला पुन्हा तपासून आणले. पडदा निर्मळ आहे. रात्री दिवा मालवला की तो माझ्या कुशीत येतो आणि मी हळू आवाजात आजीचीच एक गोष्ट सांगू लागते. अर्थ त्याला अजून कळत नसेल. पण मी मध्येच थांबले की तो माझ्या तोंडाकडे हात नेतो.